एकशे सत्तेचाळीस नंबरची परटीण

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात पाऊल टाकलं की आधी डेटॉलचा वास यायचा. नवीन माणूस दारातच थबकायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "कोण आजारी आहे?" जॅनिस म्हणायची, "कोणी नाही. राक्षस भिजत घातलेत."

ती थट्टा करत नव्हती. इतर बायका स्वयंपाकघराच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवतात. हिच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडलेल्या असायच्या, आणि प्रत्येकीत तपकिरी डेटॉलमध्ये शिशाचा एकेक बोटभर राक्षस, बुटका नाहीतर चेटकीण बुडालेली असायची. तीन दिवस भिजले की माझा मेहुणा नेव्हिल हॅलम त्यांना दातांच्या जुन्या ब्रशने घासून त्यांचा रंग काढायचा. ब्रश जुना झाला की नाही हे तोच ठरवायचा. दोनदा तो जॅनिसचा निघाला.

तो रंगही कुणीतरी हौसेनेच दिलेला असायचा. ऐंशी सालच्या आसपास या पुतळ्यांना टेबलावर मांडून, फासे टाकून लढाया खेळणाऱ्या पोरांनी जीभ दातांत धरून राक्षसाला हिरवं आणि चेटकिणीला जांभळं केलेलं असायचं. पण नेव्हिलच्या जातीच्या लोकांना, म्हणजे पुतळे जमवणाऱ्यांना, तो रंग म्हणजे पाप. त्यांच्या मते पुतळ्याच्या दोनच अवस्था: साच्यातून निघाला तसा कोरा, किंवा बिघडलेला.

मी मॉरीन. पस्तीस वर्षं हकनॉल गावातल्या शाळेत खानावळीत कस्टर्ड वाढलं. जॅनिसच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, त्यामुळे वेळ भरपूर आणि जीभ मोकळी. नेव्हिल वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, पुढे सांगायला जमेल की नाही कोण जाणे. तो बस डेपोत वेळापत्रकं करायचा. बस चार मिनिटं उशिरा आली तर त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. दारू म्हणजे गुरुवारी अर्धा ग्लास बिअर. आवाज कधी चढला नाही, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा राहिला नाही. आमच्या आईने तर लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, "या माणसाला कुठली बाई पळवून नेणार नाही." ते खरं झालं. त्याला परटिणीने नेलं, पण ते पुढे येईल.

नेव्हिलचे पुतळे सगळे एकाच कंपनीचे, बॅजर लेनचे. कंपनी म्हणायचं एवढंच. इल्कस्टनला मासे-चिप्सच्या एका दुकानामागे गॅरेज होतं, तिथे दोन भाऊ शिसं वितळवून साच्यात ओतायचे. पाच वर्षं चाललं आणि त्र्याऐंशी साली भाऊ भांडले. एकाने खिडक्या बसवायचा धंदा धरला, दुसऱ्याने रागाच्या भरात साचे भंगारात घातले. धंदा चालू होता तेव्हा बॅजर लेनच्या राक्षसांची नाकं वाकडी म्हणून पोरं नाकं मुरडायची. धंदा बुडाल्यावर तीच वाकडी नाकं दुर्मीळ झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

एकूण पुतळे दोनशे बारा. हा आकडा मला माझ्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे, कारण त्या आकड्यावर माझ्या बहिणीचं सगळं अडकलं होतं.

नव्वद सालचा ऑगस्ट होता. जॅनिस आणि नेव्हिल आठवडाभर मेबलथॉर्पला समुद्रावर गेली होती, भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत. पायरीवर बसून, मांडीवर कागदात बटाट्याच्या गरम चिप्स घेऊन, त्यावर सढळ हाताने व्हिनेगर ओतून खात होती. जॅनिस म्हणाली, "नेव्हिल, आपली एक अशी असती तर?" नेव्हिलने विचार केला. तो वेळापत्रकवाला, उगाच बोलणारा नव्हे. म्हणाला, "माझा संच पूर्ण झाला की सगळा विकतो आणि तुला ही घेऊन देतो. शब्द."

जॅनिसने त्याच संध्याकाळी तिथल्या फोनवरून मला ही बातमी दिली. मी म्हटलं, "लेखी घे."

"काय गं मॉरीन! नवरा आहे माझा."

"म्हणूनच."

तिने घेतलं नाही. शहाण्णव सालापर्यंत दोनशे अकरा पुतळे जमले. राहिली एकच, एकशे सत्तेचाळीस नंबरची परटीण. तिची गंमत अशी, की ती दुर्मीळ होती कारण ती कुणालाच नको होती. लढायांच्या खेळात परटिणीचं काय काम? हातात तलवार नाही, मंत्र नाही. कमरेवर कपड्यांची टोपली आणि तोंडावर पाऊस येतोय की काय असा भाव. पोरांनी राक्षस घेतले, हाडांचे सापळे घेतले, परटीण दुकानात धूळ खात पडली, आणि भावांनी वीस-पंचवीस ओतून साचा बाजूला ठेवला. आता तीच सगळ्यांना हवी. तिच्याशिवाय संच अपुरा, आणि अपुरा संच विकणं म्हणजे नेव्हिलच्या भाषेत "शेवटचा थांबा न घेता बस डेपोत नेणं".

मग आम्ही दोघी बहिणी कामाला लागलो. आमच्याकडे रविवारी सकाळी माळावर डिकी-बाजार भरतो. गाडी लावायची, डिकी उघडायची आणि घरातली अडगळ मांडायची. दर वर्षी ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत एक रविवार आम्ही चुकवला नाही. चिखलात बूट रुतायचे, बोटं गारठायची, आणि आम्ही लोकांच्या तुटक्या खेळण्यांच्या खोक्यांत कोपरापर्यंत हात घालून परटीण शोधायचो. जॅनिसच्या पर्समध्ये कंपनीच्या जुन्या यादीतल्या फोटोची प्रत असायची. ती फाटायला लागली तेव्हा मी शाळेच्या ऑफिसातून तिच्यावर प्लॅस्टिक चढवून आणलं.

"काय शोधतेस गं बदके?" विकणारे विचारायचे. आमच्याकडे बसवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे सगळ्यांना बदकच म्हणतात.

"परटीण," जॅनिस फोटो दाखवायची.

"अगं, ती तर माझ्या घरी आहे. गेली तीस वर्षं माझेच कपडे धुते."

हा विनोद आम्ही किती जणांकडून ऐकला असेल, मोजदाद नाही. जॅनिस दर वेळी हसायची. निघताना आमचा चहाचा थर्मास नेव्हिल स्वतः भरून द्यायचा, माझ्या चहात दोन चमचे साखर हे न विसरता. मी म्हटलं ना, वाईट माणूस नव्हता.

दर वर्षी मेबलथॉर्पच्या जाहिराती आल्या की मी म्हणायची, "चल, तुझं थोडं, माझं थोडं, आपण दोघी मिळून एक जुनी घेऊ. कुठे राजवाडा घ्यायचाय!"

"नको गं. नेव्हिलने शब्द दिलाय. आपण घेतली तर त्याला वाईट वाटेल."

आता यावर काय बोलायचं? चिरडीला यायची मी. नवऱ्याच्या शब्दाला ती चांदीच्या चमच्यासारखी जपत होती, आणि चांदीच्या चमच्याने कधी कुणी रोज जेवतं का?

पुतळ्यांना हात लावायचा तर नेव्हिलचा एक नियम होता. कोणीही जवळ गेलं की तो मान वर न करता विचारायचा, "हात धुतलेस का?" जॅनिस भांडी घासून, हात पुसत आली तरी, "हात धुतलेस का?" वर पांढरे सुती हातमोजे. मी एकदा म्हटलं, "अरे, शिसं हाताळल्यावर हात धुवायचे असतात. आधी धुऊन कुणाचं भलं होतं?" तो म्हणाला, "पुतळ्याचं." आणि खरंच, नंतर हात धुवा असं त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

मग आलं कपाट. गल्लीच्या टोकाचं चॅपल, आमचं छोटं चर्च, बंद पडून तिथे गालिच्यांचं दुकान झालं. मालकाने ओकच्या लाकडाचे जुने बाक विकायला काढले. ज्या बाकांवर आम्ही दोघी लहानपणी उपदेश ऐकता ऐकता एकमेकींच्या खांद्यावर झोपायचो, ते बाक नेव्हिलने आणले आणि सव्वा वर्ष खपून त्यांचं कपाट केलं. वीस उथळ खण, वर भक्कम दारं. काच नाही, कारण उजेडाने धातूला त्रास होतो. दारांच्या कडेला डेपोतून आणलेलं बसच्या दाराचं रबर, कारण धुळीने धातूला त्रास होतो. दार लावलं की फुस्स आवाज यायचा आणि आत मुंगी शिरायची सोय राहायची नाही.

दोनशे अकरा कोरे करकरीत पुतळे आत गेले. एक जागा रिकामी ठेवली. मग नेव्हिलने आम्हा दोघींसमोर पण केला, "आता हे कपाट परटीण आल्याशिवाय उघडायचं नाही."

मी म्हटलं, "आणि बघायचे कसे?"

"बघायचे कशाला? आहेत ना."

"अरे, बघायचंच नाही तर जमवायचं कशाला?"

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मॉरीन, जमवणारे वेगळे आणि बघणारे वेगळे."

गुरुवारी त्याच्या जातीचे सात जण पबच्या मागच्या खोलीत जमायचे. तिथे तो टाइप केलेली यादी न्यायचा. पुतळे कपाटात, यादी क्लबात. सात जण चष्मे पुसून यादी वाचायचे आणि "वा, एकोणनव्वद नंबर! जाड मानेचा की बारीक?" असं विचारून माना डोलवायचे. त्यातल्या प्रत्येकाला त्या पुतळ्यांशी खेळून कमीत कमी तीस वर्षं झाली होती. फासे कुणाकडे असतील का, याचीही मला शंका आहे.

कपाट बंद होऊन दोन हिवाळे गेले. मार्चमधल्या एका मंगळवारी मी जॅनिसकडे चहाला बसले होते आणि फोन वाजला. जॅनिसने साबणाच्या हातानेच उचलला. पलीकडे हॉलंडचा कुणी ब्राउवर नावाचा गृहस्थ होता, फार अदबीने बोलणारा.

"मी मिस्टर हॅलमना तीन महिन्यांत तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्यांची प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे. कसली पत्रं?"

"बॅजर लेनबद्दल. माझ्याकडे एकशे सत्तेचाळीस आहे. खरं तर दोन आहेत. बाकीचे मात्र फार थोडे. त्यांचे दोनशे अकरा मी एकरकमी घ्यायला तयार आहे."

जॅनिसने डोळे मिटले. मग शाळेतल्या मुलीसारखं, एकेक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली, "शनिवारी या. अकराच्या सुमाराला. जेवायलाच या."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. हातावरचा साबण तसाच वाळत होता. "मॉरीन," ती म्हणाली, "होणार गं!" आणि तिला रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

नेव्हिल घरी आल्यावर मात्र त्याचं तोंड उतरलं. पत्रं मिळाली होती, म्हणाला, पण वाचायला सवड झाली नाही. वेळापत्रकवाल्याला, तीन महिने!

"तो डच आहे," नेव्हिल म्हणाला.

"मग?"

"आणि संच अपुरा आहे. अपुरा कसा विकायचा?"

"परटीण त्याच्याकडे आहे ना? मग त्याच्याकडे गेला की पूर्ण होईल," जॅनिस शांतपणे म्हणाली. "संच पूर्ण झाला की विकतो, असं म्हणाला होतास. कुणाच्या घरी पूर्ण झाला की, ते नव्हता म्हणालास."

एवढं कायदेशीर बोललेलं मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. नेव्हिलने ताटातले बटाटे चमच्याने या कडेचे त्या कडेला केले आणि तसेच टाकून उठला.

शनिवारी ब्राउवर आला. ताडमाड उंच, हातात चीजची वाटोळी चकती. पायपुसण्यावर पाय पुसून आत आला, छाती भरून डेटॉलचा वास घेतला आणि म्हणाला, "आहा! घरी आल्यासारखं वाटलं." सांगायच्या आधीच त्याने हात धुतले, स्वतःचे पांढरे मोजे खिशातून काढून चढवले. नेव्हिलला त्याचं कौतुक वाटलेलं दिसलं, आणि ते लपवताना त्याला त्रास होत होता. जॅनिस नवा ब्लाउज घालून कोपऱ्यात उभी होती. तिच्या ॲप्रनच्या खिशातून मेबलथॉर्पच्या कॅराव्हॅनची जाहिरात डोकावत होती.

रबर दाराला घट्ट चिकटून बसलं होतं. दोघांनी जोर लावला तेव्हा दार उघडलं आणि खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला. मला क्षणभर चिप्सच आठवल्या.

नेव्हिलने पहिला खण ओढला. आत पुतळे नव्हते. म्हणजे होते, पण शिळ्या पावावर बुरशी धरावी तसे पांढरे, फुगलेले, चेहरे नाहीसे झालेले. त्याने एकाला मोज्यातल्या बोटाने जेमतेम स्पर्श केला आणि राक्षसाचा हात पिठासारखा गळून पडला. दुसरा खण. तिसरा. अकरावा. तो एकेक खण ओढत होता आणि प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होता, अगदी हळू, बस चुकल्यावर माणूस स्वतःशी म्हणतो तसं.

"ओक?" ब्राउवरने विचारलं.

"चॅपलचे बाक," नेव्हिल म्हणाला. "दीडशे वर्षांचं लाकूड."

"आणि हे रबर?"

"बसच्या दाराचं. हवासुद्धा जात नाही."

ब्राउवरने हातातले मोजे काढले. आमच्याकडे प्रेतयात्रा दिसली की टोपी काढतात, तसे. "ओकला आंबूस वाफ सुटते, मिस्टर हॅलम. वाट मिळाली तर निघून जाते. कोंडली तर शिसं खाते." मग थोडं थांबून, सांगावं की नाही अशा विचाराने तो पुढे म्हणाला, "जाड रंग असता तर बरेच वाचले असते. कोऱ्या धातूला आडोसा नसतो."

तीस वर्षं ज्या हातांनी रंग काढला ते हात नेव्हिलने स्वतःसमोर धरले आणि बघत राहिला. रंग कसा काढावा यावर क्लबच्या पत्रकात त्याने सात लेख लिहिले होते. कपाट कशाचं करावं यावर एकही नाही. मी जन्मभर त्या पुतळ्यांना शिव्या घातल्या, पण त्या क्षणी मला त्याची दया आली. फार आली.

तेवढ्यात तो वळला आणि धडपडत मागच्या दाराने बाहेर पळाला. जॅनिस ओरडली, "मॉरीन, बघ गं त्याच्याकडे!" मी खिडकीशी धावले. तो शेडमध्ये शिरला होता, आतून डबे कोसळल्याचे आवाज येत होते. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

मग तो बाहेर आला. हातात तंबाखूची जुनी चपटी डबी, कपाळाला जाळं लागलेलं, आणि चेहरा असा उजळलेला की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

"एक वाचली!" तो दारातूनच ओरडला. "जॅनिस, बघ, एक वाचली! डबीत होती म्हणून वाचली!"

त्याने टेबलावर डबी उघडली. कापसात ती चकचकत होती. ब्राउवरने भिंग डोळ्याला लावलं. कमरेवर टोपली, तोंडावर पाऊस येतोय की काय असा भाव.

"एकशे सत्तेचाळीस," ब्राउवर म्हणाला.

नेव्हिल अजून हसत होता. आपण काय केलं ते त्याच्या चेहऱ्यावर पोहोचायला जरा वेळ लागला.

"कधीपासून?" जॅनिसने विचारलं.

"काय कधीपासून?"

"नेव्हिल."

"सत्त्याण्णव," तो डबीकडे बघत म्हणाला. "डर्बीला मिळाली. एका लिलावात, खोक्याच्या तळाशी."

एकोणीस वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे काख नवऱ्याची आणि वळसा बायकोचा. मी तोंड उघडलं, आणि जे बोलले ते शाळेच्या खानावळीत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईलाच सुचतं. ब्राउवरला इंग्रजी चांगलं येत होतं, तरी त्यातलं निम्मं त्याला नवीन असावं.

"मॉरीन, पुरे," जॅनिस म्हणाली. तिने नेव्हिलकडे तोंड केलं. "का रे?"

नेव्हिलचे ओठ हलले. "संच पूर्ण झाला असता तर विकावा लागला असता. शब्द दिला होता ना." मग एकदम पोरासारखा म्हणाला, "विकल्यावर दर गुरुवारी मी काय केलं असतं?"

"आणि दर रविवारी मी काय करत होते?" जॅनिस म्हणाली. "चिखलात. थर्मास तूच भरून द्यायचास ना?"

जॅनिसने पर्समधून प्लॅस्टिक चढवलेला तो फोटो काढला आणि परटिणीशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं.

"फोटोत मोठी वाटत होती," ती म्हणाली.

मग तिने हात न धुता, मोजे न घालता परटिणीला चिमटीत उचललं, डबीत ठेवलं, आणि डबी ॲप्रनच्या खिशात टाकली, जाहिरातीच्या शेजारी. ब्राउवरला दोन वेळा वाढलं. तो बिचारा खाली मान घालून जेवला आणि चीज ठेवून गेला.

भांडण झालं नाही. वकील नाही, ताटं फुटली नाहीत. जॅनिसने दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, "ती जुनी घ्यायचं म्हणत होतीस ना, अजून म्हणतेस का?" मे महिन्यात आम्ही दोघींनी मेबलथॉर्पला एक जुनी तपकिरी कॅराव्हॅन घेतली. तिसऱ्या रांगेत आहे. समुद्र फक्त पायरीवर उभं राहिलं तर दिसतो, त्यामुळे आम्ही पायरीवरच बसतो. जॅनिस ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहते. कपाट गालिचेवाल्याने घेतलं, नमुने ठेवायला. ओक परत चॅपलमध्ये गेलं. गालिच्यांना त्याचा काही त्रास नाही.

परटीण कॅराव्हॅनच्या खिडकीत उभी असते, मिठाच्या डबीशेजारी. जॅनिसने तिला रंगवलंय. पायरीला लावून उरलेला निळा झगझगीत रंग घागऱ्याला, डोक्याच्या फडक्याला लाल, टोपलीतल्या कपड्यांना पिवळा, आणि सगळ्याचे तीन तीन हात. नाकावर थोडा निळा ओघळलाय. "तो डच म्हणाला होता ना, जाड रंग हवा," ती म्हणते.

नेव्हिल दर शनिवारी येतो. निवृत्तांचा फुकट पास आहे, दोन बस बदलाव्या लागतात, आणि दोन्ही उशिरा असतात हे तो आल्या आल्या सांगतो. मी आधी त्याची पिशवी तपासते. आजवर तरी डेटॉलची बाटली निघालेली नाही. मग तो चहा घेतो, बटाटे सोलून देतो, जिना नसलेल्या घरात जिन्याखाली बसावं तसा अंग चोरून बसतो. पहिल्या दिवशी रंगवलेली परटीण पाहून त्याने तोंड उघडलं होतं. जॅनिसने नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

गेल्या शनिवारी चहा झाल्यावर तो उठला, खिडकीपाशी गेला. त्याचा हात हळूच परटिणीकडे निघाला. जॅनिस पायरीवर माझ्याशेजारी बसली होती, तोंड समुद्राकडे. तिने मान वळवलीसुद्धा नाही.

"नेव्हिल," ती म्हणाली, "हात धुतलेस का?"

आतून नळ सोडल्याचा आवाज आला.